काड्यापेटीवर घासलेली सुई

आमच्या केंद्रात नशा करणाऱ्यांना नव्या सुया फुकट मिळतात आणि त्यांच्या जखमा मी धुते. कोणालाही बोल लावायचा नाही, हा आमचा नियम. पाच वर्षांत मी इथे कोणावर आवाज चढवलेला नाही. सगळं डाफरणं घरी, धाकट्या भावासाठी राखून ठेवलं होतं. "माझ्या केंद्रात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन," असं त्याला बजावलं होतं. चार लोकांत माझी मान खाली जायला नको ना!

काल दुपारी तो आला. कोपरापाशी लिंबाएवढं गळू, अंगात फणफणता ताप. तो माझा कोण, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

"एकच सुई किती दिवस वापरतोयस?" गळू कापता कापता त्यांनी विचारलं.

"दोन महिने. बोथट झाली की काड्यापेटीच्या कडेवर घासतो."

"अरे, इथे रोज नवी मिळते. राहतोस कुठे?"

"मागच्याच गल्लीत."

"मग इतके दिवस होतास कुठे?"

माझ्या हातातला चिमटा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"इथे असं केंद्र आहे, हेच मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मी पू पुसला, पट्टी बांधली, नव्या सुयांचं पाकीट त्याच्या हातावर ठेवलं.

"आता कळलं ना? मग येत जा," मी म्हणाले, परक्यांशी बोलते तितक्याच गोड आवाजात.

"येतो, मॅडम," असं म्हणून, घरी मला ताई म्हणणारा तो निघून गेला.