अंगाला न सोसणारं

टेबलावर आडवी होताना चंद्रिकेनं पुन्हा विचारलं, "श्वास अडकला तर द्यायचं इंजेक्शन जवळ आहे ना?"

"ट्रेमध्येच आहे," डॉक्टर विजयमाला म्हणाल्या.

लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याजवळ, शिवूजवळ गेली तेव्हा तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला. त्यानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात पळवलं होतं. काहीतरी खाण्यात आलं असेल, असं सगळे म्हणाले. पुन्हा तसंच झालं तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं, की नवऱ्याच्या वीर्याचीच तिला अ‍ॅलर्जी आहे. तेव्हापासून दोघं निरोध वापरून जपून राहत होते. इकडे अक्कलकोटहून सासूबाईंचा, दानम्मांचा फोन आला की एकच प्रश्न, "काय गं, काय हाय का न्हाय?"

मार्ग विजयमालाबाईंनी दाखवला. वीर्य धुऊन त्यातला बाधणारा द्रव काढायचा आणि नुसते शुक्राणू बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचे. आधी ते धुतलेलं हातावर टोचून पाहिलं, काही उठलं नाही. पण हातावर उठून जीव थोडाच जातो, पोटात गेल्यावर काय होईल, असं तिला वाटत राहिलं.

नळी आत गेली. थोड्या वेळानं गळ्याशी खाज सुटली.

"अहो, बघा ना, लाल झालंय?"

उशाशी बसलेला शिवू वाकला. "घाम आलाय नुसता." विजयमालाबाई नाडी धरून बसल्या. श्वास मात्र अडकला नाही.

पाळी चुकली. पट्टीवर दोन रेघा दिसताच शिवू आईला फोन लावायला निघाला. चंद्रिकेनं त्याचा हात धरला.

"थांबा. हे लेकरू निम्मं तुमचं आहे. माझं अंग त्याच्यावरच उठलं तर?"

दोघं तडक दवाखान्यात गेले.

"तुला त्रास त्या द्रवातल्या प्रथिनांचा," विजयमालाबाई म्हणाल्या. "बाळात ती नाहीत."

तिनं मान हलवली, पण भीती काही हटली नाही. सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हाही ती पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली.

त्याच संध्याकाळी तिनं स्वतः दानम्मांना फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"एवढं एकटीनं सोसलंस व्हय," दानम्मा म्हणाल्या. "उद्या मी येते. घाबरलीस तर माझ्याजवळ घाबर."