चुन्याचे दोन पट्टे

माणूस जिभेने जेवढे चाखतो त्याच्या दुप्पट डोळ्यांनी चाखतो, हे माझे मत मी मेलानीच्या कॅफेत इतक्या वेळा मांडले आहे की पत्ते पिसणाऱ्या मंडळींनी त्याला माझी प्रार्थना असे नाव दिले आहे. ब्रसेल्सच्या एका पाणी-प्रयोगशाळेत मी आयुष्य काढले. पाण्यात काय आहे ते यंत्राला विचारावे, पिणाऱ्याला नव्हे, ही तिथली शिकवण. निवृत्त होऊन गावी परतलो तो नेमका ओदिलोनच्या शेजारी, आणि ओदिलोनचा जगातल्या एकूण यंत्रांपेक्षा स्वतःच्या जिभेवर अधिक विश्वास.

ओदिलोन बिअर बनवत नाही. तो तिचा मेळ घालतो. आसपासच्या भट्ट्यांतून लांबिक नावाची आंबट बिअर आणायची, ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षे ठेवायची, आणि वसंत लागला की पिंपापिंपातून चाखत, कोवळीचा तजेला किती आणि जुनीचे शहाणपण किती हे ठरवून मेळ बाटलीत भरायचा. बाटलीत ती पुन्हा जागी होते, फसफसू लागते, आणि मग तिला ग्योझ म्हणतात.

त्याचे तळघर मेलानीच्या कॅफेच्या खालीच आहे. तिथे कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण कोळी चिलटे खातात. हे मला मान्य आहे. बाटल्यांना कागद चिकटवत नाहीत, कारण ओलीने तो गळून पडतो; हेही मान्य आहे. आडव्या बाटलीच्या वरच्या अंगाला फक्त चुन्याचा पट्टा ओढतात. एक पट्टा म्हणजे रोजच्या विक्रीची. दोन पट्टे म्हणजे ओदिलोनच्या वडिलांच्या शेवटच्या मेळाची, मुरण्यासाठी राखून ठेवलेली. बुचाच्या अंगावर भरल्याचे वर्ष डागलेले असते खरे, पण बाटली उघडली की बूच न पाहता शेगडीत टाकायचे, असा त्या घराचा दंडक आहे. "बूच वाचणारा जिभेचा आळशी," असे वडील म्हणत. या दंडकाला मला आजवर कोणताही आधार सापडलेला नाही.

भांडण सुरू झाले ते एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी. स्मशानात फुले ठेवून आम्ही परतलो, आणि ओदिलोनने दोन पट्ट्यांची एक बाटली वेताच्या टोपलीत आडवी निजवून वर आणली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो काठी टेकत चालत होता, तरी तळाचा गाळ तसूभर हलला नाही. त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"मध," तो म्हणाला. "जुनं कातडं. बाबांच्या कोटाचा खिसा."

"कोट कधी चाटलास रे?" मी विचारले.

"तू गप, नळाच्या डॉक्टरा."

त्याची पुतणी गोदेलिव्ह पेल्यात नाक घालून बसली होती. काकांकडून मेळ शिकायचा म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडली होती, आणि काकांनंतर पिंपे तिचीच, असे गावाने धरून ठेवले होते.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "ही कोवळी आहे. हिरवं सफरचंद अजून चावतंय हिच्यात."

"बाबांची बाटली कोवळी?"

"आणि इथं मेलानीताई रोजची म्हणून देतात ना, ती मला मुरलेली लागते. बरेच दिवस सांगेन म्हणत होते."

ओदिलोनने पेला खाली ठेवला. "बँकेत नोटा मोजून मोजून जीभ गेली तुझी, पोरी. ज्याला बाप आणि पोर यातला फरक कळत नाही, त्याच्या हाती मी पिंपं देऊ?"

पुढे हिवाळाभर त्याने तिला तळघरात पाऊल ठेवू दिले नाही. फेब्रुवारीत त्याने जाहीर केले की ब्रसेल्सची एक मोठी भट्टी सगळी पिंपे भरलेल्या लांबिकसकट घेणार आहे आणि येत्या सोमवारी ट्रक येणार आहे. गोदेलिव्हने कॅफेत येऊन एवढेच विचारले, "मला एकदा तरी परीक्षा द्यायला मिळेल का?"

"परीक्षा कसली? चव काय पाठ करून येते?"

इथे मी तोंड घातले. परीक्षा हा शब्द आला की मला तोंड घालावेच लागते. पद्धत सोपी होती: तीन पेले, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, आणि त्यातली जुनी की कोवळी, एवढेच सांगायचे. चार फेऱ्या. रंग आणि बुडबुडे दिसू नयेत म्हणून मेलानीचे काळे कॉफीपेले, तेही साबणाशिवाय विसळलेले.

"जमलं तर ट्रक रिकामा परत जाईल," गोदेलिव्ह म्हणाली. "नाही जमलं तर मीच पिंपं चढवायला हात लावीन."

"कबूल," ओदिलोन म्हणाला.

"एक अट माझी," मी म्हणालो. "ओदिलोनही परीक्षा देईल."

"मी? मी कशाला? मी परीक्षक!"

"तराजूनं वजन करण्याआधी तराजू तपासतात."

"घाबरला की काय?" मेलानीने गल्ल्यामागून विचारले, आणि विषय संपला.

शनिवारी सकाळी ओदिलोनने स्वतः तळघरातून दोन प्रकारच्या बाटल्या आणल्या, एक पट्ट्याच्या आणि दोन पट्ट्यांच्या. मी त्या मागच्या स्वयंपाकघरात उघडल्या. तिथे शेगडी नाही, म्हणून बुचे खिशात घातली: एक पट्ट्याची डाव्या, दोन पट्ट्यांची उजव्या. पाहिली मात्र नाहीत, ती दंडकामुळे नव्हे. ओतणाऱ्याला जितके कमी ठाऊक तितके बरे. एक जण चाखत असताना दुसरा अंगणात, आणि खाणाखुणा होऊ नयेत म्हणून मेलानी दारात उभी.

गोदेलिव्ह प्रत्येक पेल्याला एकदाच तोंड लावी आणि लगेच बोट दाखवी. ओदिलोन प्रत्येक घोटाला व्याख्यान देई. ते सगळे मी शब्दशः टिपून घेतले.

शेवटी दोघांना समोर बसवले. पत्त्यांचा डाव आपोआप थांबला होता.

"वेगळा पेला गोदेलिव्हने चारही वेळा बरोबर ओळखला," मी सांगितले. "नुसत्या नशिबावर असे होण्याची शक्यता एक्याऐंशीत एक."

"आणि वय?" ओदिलोनने विचारले.

"चारही वेळा उलटे."

त्याने टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? एक पट्ट्याला जुनी म्हणते ही! बाबांच्या बाटलीला कोवळी! हेच सांगत होतो मी नोव्हेंबरपासून."

गोदेलिव्ह उठली आणि खुर्चीवरचा कोट उचलू लागली. "सोमवारी किती वाजता येऊ, काका?"

"बस," मी म्हणालो. "त्याचा निकाल राहिलाय. ओदिलोन, तूही वेगळा पेला चारही वेळा ओळखलास."

"ओळखणारच."

"आणि वय चारही वेळा उलटं सांगितलंस."

"हट्!"

"तुझेच शब्द वाचतो. 'मध. बाबांचा खिसा. देवा, हेच ते.' ही एक पट्ट्याची होती."

"आणि दुसरी?"

"'हिरवं सफरचंद. आंबट पोरगी. बँकवाल्यांनी भरलेली दिसते.' ही दोन पट्ट्यांची."

कॅफेत जे हसणे उसळले त्यात मी सहभागी झालो नाही, कारण मी हिशेब करत होतो. ज्याला काही कळत नाही तो अधूनमधून चुकून बरोबर येतो. दोन माणसे, एकमेकांना न पाहता, दरवेळी न चुकता चुकतात, याचा अर्थ त्यांना काही कळत नाही असा होऊच शकत नाही. गणित इतके नेमके उलटे येते तेव्हा चूक शेवटच्या ओळीत नसते. पहिल्याच ओळीत कुणीतरी अधिकच्या जागी उणे लिहिलेले असते.

मी डाव्या खिशातले एक बूच काढून टेबलावर ठेवले. "एक पट्ट्याचं," मी म्हणालो.

"बूच वाचायचं नाही!" ओदिलोन ओरडला.

"तू नको वाचूस. मेलानी वाचेल."

मेलानीने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "एकोणीसशे नव्याण्णव," ती म्हणाली. मग हळूच, "हे तुझ्या बाबांचं रे. एक पट्ट्याचं."

उजव्या खिशातले बूच जेमतेम दोन वर्षांचे निघाले.

आम्ही तळघरात गेलो. ओदिलोन काठी टेकत, एकेक पायरी मोजून उतरला. दोन भिंतींना समोरासमोर दोन मांडण्या होत्या, आणि प्रत्येक बाटलीवर स्वच्छ पांढरा, ताजा चुना.

"हा चुना कधी दिला?" मी विचारले.

"सप्टेंबरात. जुना पोपडे धरून पडला होता. धूळ पुसून पुसून एकेक बाटली रंगवली. माझ्याच हातानं."

"आणि जुन्या कुठल्या हे कसं ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? जुन्या डावीकडे. बाबा म्हणायचे, जुन्या नेहमी डावीकडे, काळजाच्या बाजूला." त्याने काठीने डावी भिंत दाखवली. तिच्यावरच्या प्रत्येक बाटलीला एकच पट्टा होता.

त्याने काठी खाली घेतली.

"काका," गोदेलिव्ह मऊ आवाजात म्हणाली, "सप्टेंबरात तुमचा गुडघा कापलेला होता. तुम्हाला हा जिना उतरवत होता का?"

"कसला उतरवतोय. अंगणातल्या दारानं आलो होतो, पिंपं उतरवायच्या उतारावरून..."

अंगणातले दार जिन्याच्या बरोबर समोर आहे. तिथून आत येणाऱ्याचे डावे म्हणजे जिन्यावरून येणाऱ्याचे उजवे. त्याला हे कुणी समजावून सांगावे लागले नाही. तो एका पालथ्या पिंपावर बसला.

डावी मांडणी अर्धीअधिक रिकामी होती.

"बाबांच्या बाटल्या!" तो म्हणाला. "पत्तेवाल्यांनी ढोसल्या!"

"आणि वर कुरकुर केली," मेलानी म्हणाली. "हिवाळाभर मला सांगताहेत, यंदा ग्योझमध्ये दम नाही, चावत नाही. आणि आता कळलं मला! एरवी एकेक जण पेल्यात साखरेचा खडा ठेचल्याशिवाय घोट घेत नाही. यंदा नाताळात आणलेला साखरेचा डबा अजून तसाच आहे."

साखर मोजायचे मला सुचले नव्हते, हे इथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल.

ओदिलोन पुतणीकडे वळला. "तू सांगत होतीस. पट्टे डोळ्यांसमोर असतानाही सांगत होतीस."

"हो."

"आणि मी दोन पट्टे बघून मध चाखला."

माझ्या प्रार्थनेला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण होते. पण त्याच माणसाने काळ्या पेल्यातून स्वतःचा बाप चारही वेळा ओळखला होता, आणि त्यावर माझ्याकडे प्रार्थना नव्हती.

वर येऊन त्याने भट्टीला फोन लावला. "सोमवारी ट्रक पाठवू नका... नाही, किमतीचा प्रश्न नाही... अहो, पिंपांना माणूस मिळालाय. नाही, घरातलाच. बाईमाणूस." मग त्याने खिशातून तळघराची किल्ली काढली आणि गोदेलिव्हपुढे धरली. "घे. यंदाचा मेळ तुझा. मी नुसता चाखीन. बोलणार नाही."

"बोला की. तुमचं ऐकायला मला आवडतं. किल्ली तुमच्याजवळच राहू द्या, काका."

"मग काय हवं?"

"चुन्याचा कुंचला."

तो हसू लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. कुंचला त्याने लगेच तिच्या हवाली केला.

वडिलांच्या राहिलेल्या बाटल्यांपैकी एक त्या दुपारी उघडली. सोबत पांढऱ्या चीजचा पाव आणि मुळे होते. बूच मेलानीने मोठ्याने वाचले आणि मगच शेगडीत टाकले. दंडकात एवढी सुधारणा झाली.

"आता डॉक्टर," ओदिलोन म्हणाला. "तराजू तपासून झाला. तपासणाऱ्याला कोण तपासणार?"

काळे पेले पुन्हा विसळले गेले. मला अंगणात पाठवले, परत बोलावले, आणि माझ्यापुढे तीन पेले ठेवले. असे चार वेळा. माझा निकाल एका वाक्यात सांगता येतो: डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याकडून गणिताने जेवढी अपेक्षा करावी, त्याहून तो किंचित कमी भरला.

कुणी हसले नाही. मेलानीने साखरेचा डबा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला.