गोडाऊनचं बटण

नवे वायरलेस फोन आले आणि त्यांची बटणं लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अंधेरीत आमचं पंपांच्या सुट्या भागांचं ऑफिस आहे. तिथे येणारे फोन मी घेते, म्हणून फोनमधलं सगळं मलाच कळतं असा साहेबांचा समज. कुठलं बटण दाबलं की कोणाला लागेल, ते भरायचं होतं. साहेब, अकाउंट्स, डिस्पॅच असं करत मी गोडाऊनपाशी आले आणि मला भीमराजचा राग आला.

भीमराज तळमजल्यावरचं गोडाऊन सांभाळतो. इतकी वर्षं तो, अकाउंट्सची प्रियंका आणि मी माझ्या टेबलावर एकत्र जेवायचो. डबे मधे ठेवायचे, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. भीमराजचा डबा सगळ्यात आधी संपायचा, त्याच्या बायकोच्या, लताच्या हाताला चवच तशी होती. गेल्या वर्षी लता गेली. तेव्हापासून हा वर येत नाही. "माल येतो गं, हलता येत नाही," म्हणतो. जेवलास का विचारलं की म्हणतो, "जेवलो." दिवसेंदिवस वाळत चाललाय, आणि मला फोन सोडून खाली जाता येत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे मग तिकडेच.

दुपारी गोडाऊनचं बटण लावलं आणि दाबून बघितलं. घाईत मी भलताच पर्याय निवडला होता. खाली रिंग वाजण्याऐवजी तिथल्या फोनचा थेट स्पीकरच सुरू झाला आणि तिकडचं सगळं मला ऐकू येऊ लागलं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग भीमराज स्वतःशीच बोलला, "परत करपली. ही कोणापुढे ठेवणार?" आणि झाकण पुन्हा लागलं.

मी फोन बंद केला. राग कुठल्या कुठे गेला, रडूच आलं मला.

आधी ते बटण नीट केलं. मग बाहेरचे सगळे फोन माझ्या हातातल्या फोनवर येतील असं आणखी एक बटण लावलं. फोन आणि डबा घेतला, प्रियंकाला जागेवरून उठवलं आणि आम्ही खाली गेलो.

आम्हाला बघताच त्यानं डबा मागे सरकवला. "जेवलो मी."

"आम्ही नाही जेवलो," म्हणत मी त्याचा डबा ओढून मधे ठेवला. मेथी काळीकुट्ट झाली होती. मी खाल्ली.

"भाजी गॅसवर ठेवून आंघोळीला जातोस ना रे?"

"वेळ वाचतो ना यार."

प्रियंकाला हसू आवरेना, मग तोही हसला. तिची उसळ त्यानं दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधीच माझा फोन वाजला. गोडाऊन.

"दोघी या जेवायला," भीमराज म्हणाला. "आज आंघोळ आधी केली."