मोठ्या इंजिनवाली

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण जुनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जो खटारा उभा राहतो ना, तसली नव्हे हं! उंच, रुंद, चामड्याच्या गाद्यांची, आणि पोटात मोठं डिझेल इंजिन असलेली. आमच्या घराण्यात एकाच अंगलटीच्या दोन बहिणी निघतात. एक माझ्यासारखी मोठ्या डिझेल इंजिनाची, दुसरी लहान पेट्रोल इंजिनाची. बाहेरून बघाल तर अगदी जुळ्या. आतून मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आम्हाला विकत घेणाऱ्या माणसांनाच तो फरक ठाऊक नसतो, हे कळल्यावर मी जी हबकले, ती अजून सावरलेली नाही.

माझा पहिला मालक पूल बांधणारा इंजिनिअर होता. त्याचे पूल कायम लांब कुठेतरी. उजाडता उजाडता आम्ही निघायचो, ते ऊन डोक्यावर येईपर्यंत धावत राहायचो. मला तेच हवं असायचं. डिझेलच्या धुरात काजळी असते, मित्रांनो. ती बाहेर जाऊ नये म्हणून माझ्या सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी बसवलेली आहे. काजळी त्या जाळीत अडकते आणि मी लांबवर, वेगात धावले की तापून तिथल्या तिथे जळून जाते. इंजिनिअर माझं तेल वेळेवर बदलायचा, आणि उतरताना "शाब्बास गं" म्हणायचा. मला वाटायचं, सगळी माणसं अशीच समजूतदार असतात. काय भोळी होते मी!

दुसरा मालक दंतवैद्य. त्याचं घर आणि दवाखाना यांत इतकं कमी अंतर, की घरातून हाक मारली तर दवाखान्यातल्या रोग्यानं "ओ" द्यावी. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. पण नाही! रोज तेवढंच. इंजिन कोमट होतंय न होतंय तोच बंद. दाराशी मोठ्या इंजिनाची गाडी दिसावी, एवढ्यासाठीच त्यानं मला आणली होती. व्हायचं तेच झालं. जाळी तुंबत गेली आणि स्टिअरिंगसमोरच्या काचेमागे पिवळा दिवा लागला. यावर त्या गृहस्थानं काय करावं? दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा आणून त्या दिव्यावर डकवला! दात किडेपर्यंत का आला नाहीत, म्हणून रोग्यांवर डाफरणारा माणूस हा!

शेवटी मी जुन्या गाड्यांच्या आवारात आले. तिथल्या मालकाला सगळे दादा म्हणत. दादांनी पट्टी काढली, स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं आणि दिवा विझवून टाकला. जाळीला हातसुद्धा लावला नाही. आजार तसाच, दिवा तेवढा गायब. वर मेकॅनिकला म्हणाले, "या खेपेला विकली गेली तर गेली. नाहीतर मोडून इंजिन वेगळं विकू." माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

अशात एक नवरा-बायको आले. नवऱ्याच्या आईला एक दिवसाआड जवळच्याच हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यांची जुनी गाडी बुटकी. तिच्यात वाकून बसताना आईचे गुडघे बोंब मारायचे. म्हणून उंच गाडी हवी होती. माझ्या शेजारी माझी पेट्रोलवाली बहीण उभी होती. आईच्या त्या मुलानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. त्यानं माझं इंजिन सुरू केलं, घरघर ऐकली आणि त्याचा चेहरा खुलला.

दादांची एक ठरलेली पद्धत होती. गिऱ्हाईक यायच्या आधी मला तापवून ठेवायचं आणि फेरी मारायची ती थेट बायपासवर. मोकळा रस्ता मिळाल्यावर मी काय सोडते? अशी सुटले, की मुलगा "आई गं!" म्हणून ओरडलाच. जाळी तापायला लागली होती. पण काजळी जळायच्या आत आम्ही परत आवारात.

"अहो, पण आपल्याला जायचंय कुठे?" सुनेनं विचारलं. रोज गाडी चालवणार होती ती.

"अगं, पुढेमागे लांब जाऊच की."

"आईंना सोडून?"

दादा लगेच मधे पडले. "वहिनी, मोठं इंजिन घेतलं की काळजी मिटली. दिवसभर घरी ठेवा, आईंना दाखवा, मग सांगा."

मला सगळं दिसत होतं हो. ही माझ्यासारखीची गल्ली नव्हे, ही माझ्या बहिणीची. तिचं लहान इंजिन चटकन तापतं, अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या तिला सहज झेपल्या असत्या. तरी मनातून मी म्हणत होते, मलाच घ्या. जीव कुणाला नको असतो?

मी त्यांच्या दाराशी पोहोचले. आई म्हणजे काडीसारखी बाई आणि आवाज मात्र खणखणीत. "एवढी थोरली? हिच्यातून काय माझी वरात काढतोस?" असं म्हणत ती दांड्याला धरून चढली, टेकून बसली आणि म्हणाली, "वा! गुडघे कुरकुरले नाहीत. आज माझं डायलिसिस आहेच, हिच्यातूनच चला."

बाजाराची गल्ली, शाळेचं फाटक, सिग्नल, पुन्हा सिग्नल. थांब, चाल, थांब. मग हॉस्पिटलात एक यंत्र तिचं रक्त गाळत होतं आणि मी बाहेर उन्हात उभी होते. डायलिसिसनंतर तिला ग्लानी यायची. कधी एकदा घरी जाऊन पाठ टेकते, असं व्हायचं.

परतताना पुलाच्या चढावर माझा पिवळा दिवा लागला आणि पाठोपाठ माझी ताकदच गेली. जाळी गच्च झाली की इंजिन वाचवण्यासाठी मला तसंच घडवलंय. मी तरी काय करणार?

"अगं, एक्सिलरेटर दाब की!"

"दाबतेय! अहो, तळापर्यंत दाबलाय, ही उचलतच नाहीये!"

मागे ट्रक. हॉर्नचा नुसता कल्लोळ. मागच्या गादीवर आईची मान कलली. "बाळा, मला गरगरतंय रे," ती म्हणाली. तो खणखणीत आवाज कुठच्या कुठे गेला होता. मुलगा पांढराफटक पडला. दार उघडून तो खाली उतरला आणि ऑफिसच्या कपड्यांत, दोन्ही हात पसरून, ट्रकांच्या पुढे उभा राहिला. मी त्याच्यापुढे मुंगीच्या पावलांनी तो चढ चढले. मित्रांनो, दोन हत्तींचं बळ अंगात असून एका आजारी बाईला मी धड घरी पोहोचवू शकत नव्हते. त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली, तेवढी पट्टी डकवली तेव्हाही वाटली नव्हती.

आई घरी जाऊन पडली, तिला हळूहळू बरं वाटलं. सुनेनं ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला आणि त्यानं जाळीचं सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता मुलगा माझ्या पायरीवर मटकन बसला.

"आईसाठीच बघत होतो ना गं मी गाडी?"

"बघत होतात तिच्यासाठी," सून म्हणाली, "पण इंजिनाचा आवाज स्वतःसाठी ऐकत होतात."

मला आवारात परत सोडून त्यांनी माझ्या बहिणीला घेतलं. पण या वेळी आधी त्याच गल्लीतून, त्याच पुलावरून फिरवून. न्यायला आई स्वतः आली होती. जाताना ती माझ्यापाशी थांबली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासारखीच आहे बिचारी. हिचीही गाळणी तुंबलीय. हिला लांब न्यायला हवं होतं रे कुणीतरी." इतकी वर्षं इतक्या माणसांनी माझं इंजिन मोठं म्हणून मला मिरवलं, पण ते कशासाठी मोठं आहे, हे त्या इंजिनिअरनंतर या बाईखेरीज कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुठलीही वस्तू घरी आणण्याआधी, ती केवढी आहे ते विचारू नका. तिच्याकडून रोज काय काम घेणार आहोत, ते स्वतःला विचारा. कुणाची तक्रार दिसली तर झाकू नका, पुसू नका, आधी कारण शोधा. माझ्यासाठी आता उशीर झालाय. दादांनी मला मोडायला उद्याचा दिवस ठरवलाय. माझ्या इंजिनात मात्र काही खोट नाही हो. उद्या सकाळी मेकॅनिक पाने घेऊन येतील, इंजिन काढण्याआधी एकदा तपासून बघतील, तेव्हाही ते पहिल्या झटक्यात सुरू होईल.