तरंगणारे खडे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या, त्यांत पाण्यावर हिरवे खडे तरंगत होते आणि माणसं डोळे फाडून बघत होती.

"हा कर्करोग! चाकू नाही, टाका नाही, आपसूक बाहेर!" खडेगुरुजी गरजले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी केला नाही.

पाचवी बरणी माझ्या दादाची होती. दादा बस चालवतो. गेल्या वर्षी त्याच्या पित्तनलिकेत कर्करोग निघाला आणि यकृत बदलावं लागलं. देणारी मी. माझ्या यकृताचा मोठा तुकडा त्याच्या पोटात आहे, तेव्हा या प्रकरणात तोंड उघडायचा हक्क मला जरा जास्तच आहे.

ऑपरेशन झालं, पण भीती गेली नाही. आजार परत आला तर? तपासणीला गेलं की डॉक्टर सहा मिनिटांत कागद हातात देतात आणि दादा सगळे प्रश्न गिळून घरी येतो. त्या गिळलेल्या प्रश्नांवरच गुरुजींचं दुकान चालतं.

परवा गुरुजींच्या सांगण्यावरून दादाने पेलाभर तेल, लिंबाचा रस आणि त्यांची पुडी घेतली. जुलाब झाले, त्यात हे खडे पडले. वहिनीने ते धुऊन बरणीत भरले. बिचारी आनंदाने रडली.

"आता शेवटची पायरी," गुरुजी म्हणाले. "त्या विषारी गोळ्या बंद. शरीराची ताकद झोपवतात त्या. द्या डबी इकडे."

दादा उठला. त्या गोळ्या आहेत म्हणून त्याचं शरीर माझ्या तुकड्यावर तुटून पडत नाही. बंद केल्या तर यकृत जाईल आणि दादाही.

"दादा, थांब!"

"अहो ताई, तुम्ही डोळ्यांनी बघितलेत ना खडे?" वहिनी कळवळली.

"बघितले, म्हणूनच विचारते. गुरुजी, हे आले कुठून?"

"पित्ताशयातून! वर्षानुवर्षं साठलेले!"

"त्याचं पित्ताशय ऑपरेशनमध्येच काढलंय. माझंही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजी क्षणभर गडबडले. "म्हणजे... सूक्ष्म पित्ताशयातून."

मी सतरा वर्षं साबणाच्या कारखान्यात कढईपाशी उभी आहे. तेल काय काय सोंगं घेतं ते मला कुणी शिकवायला नको. दादासाठी आणलेल्या थर्मासमधलं कढत पाणी पेल्यात ओतलं आणि दादाच्या बरणीतला खडा त्यात टाकला. खडा मऊ पडला, ढासळला आणि हिरवं तेल होऊन वर पसरला.

"पित्ताचा खडा गरम पाण्यात असा वितळत नाही," मी पेला पहिल्या रांगेत दिला. "पोटात तेल आणि लिंबाचा रस गेला, त्याचे कच्च्या साबणासारखे गोळे झाले. धडधाकट माणूस हेच प्यायला, तरी त्यालाही पडतील!"

"श्रद्धा नसली की खडे वितळतात," गुरुजी म्हणाले.

"मग लोणी कशाने वितळतं?"

आता हशा पिकला. पण एक बाई हसल्या नाहीत. त्या जागेवरूनच म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांच्या गोळ्या दोन आठवडे बंद आहेत हो."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," मी म्हणाले. त्या धावतच निघाल्या. गुरुजींचे टाळकरी आता बरण्यांकडे बघेनात.

बाहेर आल्यावर दादा माझ्यावरच उखडला. "झालं समाधान? मग मी विचारू कुणाला? सांग ना!"

त्याचं बरोबर होतं. नुसतं खोटं फोडून भागत नाही. त्याचे सगळे प्रश्न आम्ही कागदावर उतरवले, एकोणीस निघाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात मी ठाण मांडलं. "आज सहा मिनिटांत जमायचं नाही," म्हटलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण खुर्ची पुढे ओढली. प्रत्यारोपण विभागातल्या नर्सबाईंनी आपला फोन नंबर दिला, आणि अशाच ऑपरेशनमधून गेलेल्या रुग्णांच्या गटाचा पत्ताही.

शेवटचा प्रश्न दादाने स्वतः विचारला. "परत येईल का?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "दर तीन महिन्यांनी तपासू. काही दिसलं, तर एक दिवस दवडणार नाही."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दादाचे खांदे सैल पडले. म्हणून सांगते, विचारा. दारात उभं राहून, पुन्हापुन्हा, लाज न बाळगता विचारा. आणि ज्याला एकदाही 'माहीत नाही' म्हणता येत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.