आंबेटेपला सगळे उतरतात

आमच्या घरात सायकल एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन: मी आणि माझा दादा मितेश. पप्पांनी ती कंपनीतल्या मित्राकडून सेकंडहँड आणली, ओटीवर लावली आणि म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. मला नाइटला जायचंय." एवढं बोलून खुशाल झोपायला गेले.

दादाचं म्हणणं, तो दहावीला आहे. माझं म्हणणं, मी खो-खोच्या टीममध्ये आहे. प्रॅक्टिस पहाटे, तीही पेणच्या पार दुसऱ्या टोकाच्या मैदानावर. आणि काळोखात एकटीने पायी जायचं नाही हा मम्मीचा कायदा. म्हणजे सायकल नाही तर प्रॅक्टिस नाही, आणि प्रॅक्टिस नाही तर सर टीममधून काढणार. दहावीला काय, पायीही जाता येतं. शिवाय दादा दहावीत आहे हे अजून त्याच्या पुस्तकांना कळलेलं नाही.

"तुला झेपणार आहे का ती? कैची मारणारी तू!" दादा म्हणाला.

कैची मी सहावीत मारायचे. आता दांड्यावरून पाय टाकून ऐटीत सीटवर बसते, हे अख्ख्या आळीला माहीत आहे.

"रोह्यापर्यंत जाऊन दाखवते. आत्याच्या दारात!" मी म्हणाले. म्हणाले म्हणजे, तोंडातून सुटलंच.

दादाचे डोळे चमकले. त्याने लगेच अट घातली. दोघांनी पेणहून रोह्याला जायचं, मी घरच्या सायकलवर आणि तो त्याच्या मित्राच्या, विशालच्या. वाटेत थांबायला, पाणी प्यायला, वडा खायला हरकत नाही. पण सायकल हातात धरून जो पहिला चालेल तो हरला. जिंकेल त्याची सायकल.

"चढ आला की उतरशील गं नमे, आणि ढकलत नेशील," तो म्हणाला. "मी मागून टाळ्या वाजवीन."

एक्याण्णव सालच्या जानेवारीतला रविवार होता. मम्मीने कॅरियरला आत्यासाठी पोह्याच्या पापडांची पिशवी बांधली आणि "एक जरी मोडला ना, तरी घरात घेणार नाही" अशा आशीर्वादाने आम्हाला निरोप दिला. मी ओढणी कमरेला बांधली होती. एकदा ती साखळीत गेली होती तेव्हा दादाने ती सोडवायच्या आधी पोटभर हसून घेतलं होतं.

वडखळपर्यंत धुकं. ट्रकवाले हॉर्न देत होते आणि दादा प्रत्येक हॉर्नला "तुला म्हणतोय, बाजूला हो" असं ओरडत होता. गडब गावात वडापाव खाल्ला. भाताची कापणी कधीच झाली होती आणि शेतात वाल पसरले होते, हिरवेगार. दादा मधूनच विचारी, "पाय दुखले का?" मी म्हणे, "कुणाचे? तुझे?" खरं तर दुखत होते. पण पाय माझे, त्यांची बातमी मी कुणाला द्यायची ते मी ठरवणार.

नागोठणं सोडल्यावर दादा एकदम प्रेमळ झाला. "मोठ्या रस्त्याला गाड्या फार. आतल्या रस्त्याने जाऊ. आंबेटेपवरून. सावली आहे."

दादाला माझ्या सावलीची काळजी? तिथेच मला संशय यायला हवा होता. पण मी ऐन जोरात होते.

आंबेटेप हे पंधरावीस घरांचं गाव. वेशीशी मोठा आंबा, आंब्याखाली चौथरा आणि चौथऱ्यावर माझ्या कमरेएवढा काळा दगड. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली आणि अक्षरांच्या वर झेंडूचं फूल. माझ्यापुढे एक दूधवाला सायकलवरून चालला होता. आंबा आला तसा तो उतरला, चपला काढून हँडलला अडकवल्या आणि कॅन सांभाळत सायकल ढकलत निघाला. पंक्चर झाली असेल, मला वाटलं.

"गो पोरी! उतर खाली!"

चौथऱ्यावर एक आजी शेणाने सारवत बसली होती. हात कोपरापर्यंत हिरवे आणि आवाज आमच्या पीटीच्या सरांपेक्षा मोठा. मी ब्रेक दाबला आणि एक पाय टेकला. सीट मात्र सोडली नाही.

"काय झालं, आजी?"

"इथं बसून जायचं नाय. शिपायांचा दगड हाय. त्या आंब्यापासून पलीकडच्या विहिरीपावेतो सगल्यांनी चालायचं."

मी मागे वळून पाहिलं. दादा बऱ्याच अंतरावर एक पाय टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर श्रीखंडाची वाटी चाटलेल्या मांजरासारखं हसू होतं. तेव्हा कळलं! गेल्या वर्षी आत्याच्या जितेशबरोबर तो याच रस्त्याने आला होता. त्याला सगळं माहीत होतं.

"आजी, मला उतरता येत नाही," मी म्हणाले.

"आं? मंग चढलीस कशी?"

मग मी पैज सांगितली. सगळी. खो-खो, पहाट, मम्मीचा कायदा. दूधवाला कॅन ठेवून ऐकायला परत आला. काळुराम त्याचं नाव. विहिरीवरून दोन बायका कळशा घेऊन आल्या. माझ्या संकटात आंबेटेपच्या करमणुकीची बरीच सोय झाली, रविवारी तिथे दुसरं काही नसावं.

"सगळेच उतरतात का?" मी चाचपून पाहिलं.

"नवरदेव बी उतरतो," काळुराम म्हणाला. "माझ्या वरातीला मी उतरलो, घोडा पुढं पलाला. मंडपात घोडा आधी पोचला."

"आणि एसटी?"

"ड्रायव्हरला कसं उतरता येल? तो चपला काढतो आनि अनवानी पायानं गाडी हलूहलू नेतो."

"मी चपला काढून हळूहळू गेले तर?"

"तू काय एसटी हायेस?" एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. दादा सगळ्यांत जोरात.

"बांधावरून वळसा घालून जाते."

"मंग दगडाकडं पाठ होते," आजी म्हणाली. ती आता उठून माझ्या हँडलपाशी आली होती. हिरवे हात तिने माझ्या सायकलला लागू दिले नाहीत, मागे धरले. "ऐक गो. जर्मनच्या लढाईला ह्या गावची मानसं गेली. धरमतरला बोट लागायची, तिथपावेतो चालत. सगला गाव त्यांना पोचवायला विहिरीपासून ह्या आंब्यापावेतो आला, चालत. काही परत आले. माझा बापूस नाय आला. मी तवा आयसच्या पोटात."

मी दगडाकडे पाहिलं. इंग्रजी चांगलं आहे माझं. किती गेले आणि किती मेले, दोन्ही आकडे होते. नाव एकही नव्हतं.

"नाव नाही लिहिलं त्यांचं," मी म्हणाले.

"आमी चालतो ना," आजी म्हणाली. "ते नाव घेतल्यावानीच. बापसाला मी बघितला नाय, पन इथून रोज जाते त्याच्याबरोबर."

तिने मला पुन्हा उतर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी आणखी वाद घातला असता, घालायची मला आवडही आहे. आता मात्र सगळे जमिनीवर उभे होते आणि मी त्या सीटवर बसलेली. मैदान डोळ्यांपुढे आलं. माझ्या जागी खांबापाशी दुसरीच कुणीतरी उभी दिसली. खूप राग आला. मग मी दांड्यावरून पाय काढला, चपला काढल्या, हँडलला अडकवल्या आणि सायकल हातात धरून चालायला लागले.

"हरली! हरली! नमी हरली!"

मितेशदादाने आनंदाने सायकलवर उडी मारली, दोन्ही हात हवेत सोडले आणि घंटा वाजत नव्हती म्हणून तोंडाने ट्रिंग ट्रिंग करत, आंब्याखालून, दगडासमोरून, आजीसमोरून, अख्ख्या गावासमोरून, थेट विहिरीपर्यंत गेला. बसून.

एक कोंबडी तेवढी बोलली.

"हा कोन?" आजीने विचारलं.

"माझा दादा," मी म्हणाले. आयुष्यात हे सांगताना इतकी मजा कधी आली नव्हती.

जो बसून जातो त्याला तिथे एक रीत आहे. त्याने विहिरीचं पाणी शेंदून दगड धुवायचा, मग सायकल घेऊन सगळी वाट चालायची, जाऊन-येऊन. दादा म्हणाला, मी विसरलो. आजी म्हणाली, "म्हनून तर दगड ठेवलाय." काळुरामने त्याच्या हातात पोहरा दिला. विहीर खोल होती. मी चौथऱ्याच्या कडेला बसून गूळशेंगदाणे खात पाहत होते आणि राहिलेले कोपरे दाखवत होते. "तिकडे, दादा. अक्षरांच्या खाली."

"काहीही म्हण," दादा घामाघूम होऊन म्हणाला, "आधी तू चाललीस. सायकल माझी."

"ती कशी काय?" आजी म्हणाली. "इथलं चालनं पैजेत धरायचं नाय. शिपायांबरोबर चाललेल्याची हारजीत आमी करत नाय."

"पण आजी—"

"मंग तू बी चाललास. गावात सांगू का, दोघं हरले, सायकल आंबेटेपची?"

काळुरामला ही कल्पना फारच पसंत पडली. त्याने माझ्या सायकलचा टायर दाबूनही पाहिला. दादाने घाईघाईने कबूल केलं: आंबेटेप सोडून बाकी सगळं धरायचं.

विहिरीपाशी आम्ही पुन्हा सायकलवर बसलो. आजी लांबून ओरडली, "येताना बी उतरा रं!"

मग खिंड आली. रोह्याच्या अलीकडचा तो चढ, ज्याच्या भरवशावर दादाने पैज लावली होती. मी सीटवरून उठून, उभी राहून पायडल मारत होते. छातीचा भाता झालेला. मागे दादाची सायकल कुरकुरत होती, मग कण्हायला लागली, मग आवाज थांबला. विहिरीने त्याच्या हातांतलं बळ काढून घेतलं होतं, आणि वाट जाऊन-येऊन चालण्याने पायांतलं. मी वळणावर थांबून मागे पाहिलं.

दादा सायकल हातात धरून चालत येत होता. अनवाणी नव्हता, एवढंच.

मी वाट पाहिली. तो अगदी जवळ आल्यावर अतिशय गोड आवाजात विचारलं, "दादा, इथे कुठल्या शिपायाचा दगड आहे रे?"

तो हँडलवर ओणवा झाला.

"अजून बसवला नाही," तो म्हणाला. "माझा बसवणार आहेत."

मी इतकी हसले की पापडांची पिशवी हलली आणि आतून कटकन आवाज आला. मग मीही उतरले. सायकल आता माझीच होती, उतरायला काय जातं? वरच्या वळणापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. चपला मात्र मी काढल्या नाहीत. तेवढा मान त्याला अजून नाही.