दीपालीचा थेंब

"ते ट्रे फेकून दे आता," रणधीर सर दारातूनच म्हणाले. "वर्ष होत आलं. आता काय उगवणार त्यात?"

धाराशिवच्या त्या कॉलेजातल्या थंड खोलीत महेश्वरी दीपालीचे प्लास्टिकचे ट्रे हातात घेऊन उभी होती. प्रत्येकात चिकटपट्टीखाली बंद केलेले मोहरीएवढे थेंब. दीपालीनं ते लावले आणि पंधरवड्याच्या आत ती तापानं गेली.

दोघी यीस्टवर काम करायच्या, पाव फुगवणाऱ्या यीस्टवर. त्याच्या पेशीत काही जनुकं धडधाकट असूनही कायम मिटलेली असतात. त्यांना मिटवून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचं नाव 'सर-तीन'. "या खोलीत दोन सर," दीपाली म्हणायची, "एक बोलायचे थांबत न्हायत आन् दुसरे कुणाला बोलू देत न्हायत." या दुसऱ्या सरांत तिनं एक बारीकसा बदल केला होता. त्यानं मिटलेली जनुकं जागी व्हायची. का, ते कळायला प्रथिनाचा आकार दिसायला हवा, आणि त्यासाठी अशा थेंबात त्याचा स्फटिक धरायला हवा. दीपालीच्या मागं महेश्वरीनं तेच प्रथिन, तीच द्रावणं घेऊन कितीतरी थेंब लावले. सगळे कोरे राहिले.

फेकण्याआधी शेवटचं म्हणून तिनं ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एका थेंबात काळी रेघ होती. केस. आणि दोऱ्यावर खडीसाखर धरते तसा त्या केसावर एक स्फटिक धरला होता. मागच्या खेपेला तिथं काहीच नव्हतं.

तिनं सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवली. स्फटिक निळा उजळला, मग पार काळा झाला, पुन्हा उजळला. चकती फिरवली की स्फटिक असा उजळतो-विझतोच, हे तिला माहीत होतं. तरी भर दुपारी तिनं एकदा मागं वळून बघितलं.

सर हरखून गेले. "उद्याच काढ."

"आधी तिच्या आईला दाखवते, सर."

"अगं, यीस्टमधलं प्रथिन ते. तिचं काय आहे त्यात?"

"केस आहे."



दीपालीची आई गजराबाई येडशीजवळच्या गावाहून एसटीनं आली. मेंढरं नवऱ्यावर सोपवून आली होती. स्टुलावर बसून तिनं एक डोळा भिंगाला लावला आणि बराच वेळ तो हलवला नाही.

"तिचाच केस. तुजे कुरळे हायत." मग म्हणाली, "ह्ये डोळा झाकतंय की गं."

"मी चकती फिरवते ना, मावशी, म्हणून तसं दिसतं."

"मग फिरवू नगं."

महेश्वरीनं हात काढून घेतला. यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"झाकला," गजराबाई म्हणाली.

महेश्वरीचे हात मांडीवर होते. तिनं वाकून पाहिलं. चकती सोडली तिथंच होती. स्फटिक काळा होता.

मग महेश्वरीनं सांगून टाकलं, "काढताना केस तोडावा लागेल, मावशी. मग इंदूरला न्यायचं. तिथं त्यावर क्ष-किरण सोडतात, त्यात तो खराब होतो. परत येणार नाही."

"आन् न्हाय नेला तर?"

"थेंब वाळून जाईल. तिनं काय शोधलं होतं ते कुणालाच कळणार नाही."

गजराबाईनं पदरानं भिंग पुसलं. "दवाखान्यात तिला एकलीला आत नेलं. आमाला दारात बसवलं. लई हाका मारल्या म्या." ती उठली. "ने. पन एकलीला धाडू नगं. तू संगं जा."

महेश्वरीनं सुईनं केस तोडला. नखाच्या टोकावर मावेल एवढ्या बारीक फासात स्फटिक उचलून तिनं तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवला. त्याला चिकटलेला केसाचा तुकडा तसाच गेला. त्या नायट्रोजनचं, गार वाफा सोडणारं ॲल्युमिनियमचं भांडं पाहून गजराबाई म्हणाली, "जनावराच्या डॉक्टरकडं असतंय तसलंच हाय." तिनं कनवटीची पुडी सोडून झाकणावर चिमूटभर भंडारा टाकला, आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून भांड्याच्या गळ्याला बांधली.

पुढं त्या स्फटिकातून आकार उलगडला. दीपालीनं बदललेल्या जागी प्रथिनाचा एक दुवा सैल पडला होता, म्हणून त्याची पकड सुटत होती. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं लागलं. पण ते सगळं बऱ्याच महिन्यांनी.

सर कुरिअरनं पाठवायचं म्हणत होते, तरी महेश्वरी स्वतः निघाली. रेल्वेत तिनं भांडं दोन बाकांच्या मधे ठेवलं आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला त्यावर हात धरला. समोरची म्हातारी कुर्डुवाडीपासून ते बघत होती. भंडारा, लुगड्याची पट्टी, तो हात.

"कुणाच्या अस्थी गं, बाई?" तिनं हळूच विचारलं.

महेश्वरीनं खुलासा करायला तोंड उघडलं.

"मैत्रीण आहे," ती म्हणाली.

म्हातारीनं भांड्याजवळ खाली सोडलेले पाय वर घेतले, मांडी घातली, आणि तिचं स्टेशन येईपर्यंत ते परत खाली सोडले नाहीत.